सोपान सरांचे जुने अर्थ

घोडेगावच्या पुढे, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत सोपान सरांची सगळी नोकरी गेली. विषय इंग्रजी. भात-नाचणी पिकवणाऱ्या घरांतली पोरं. इंग्रजीचा तास आला की मान खाली घालून बसायची. सर त्यांना म्हणायचे, या भाषेला कशाला भिता? खुद्द इंग्रजांनाच आपल्या शब्दांचे अर्थ सांभाळता आले नाहीत. मग फळ्यावर एखादा शब्द लिहायचा आणि त्याचा जुना अर्थ सांगायचा. 'नाइस' म्हणजे पूर्वी मूर्ख. 'सिली' म्हणजे ज्याच्यावर देवाची कृपा आहे असा. 'नॉटी' म्हणजे ज्याच्याजवळ काहीच नाही तो. 'व्हिलन' म्हणजे दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. हे ऐकून एक पोरगा उठून म्हणाला होता, मग माझा बाप व्हिलन आहे, नारायणगावला टोमॅटो तोडायला जातो. सगळा वर्ग हसला, तोही हसला.

सरांचं घर आमच्या बोरी बुद्रुकला. शाळेजवळ एक खोली होती, शनिवारी दुपारी गावी यायचे. बायको नूतन आणि एकुलती एक अक्षदा. शाळेत काय सांगितलं ते घरी आल्यावर अक्षदाला सांगायचं, हा त्यांचा शनिवारचा आनंद. तिनं त्यातला एक शब्द घट्ट धरला. 'सॅड' म्हणजे पूर्वी पोट भरलेला, तृप्त. जेवण झालं की ती पोटावरून हात फिरवून म्हणायची, "पप्पा, आय अ‍ॅम सॅड." सर म्हणायचे, मी पण. नूतनला हे मुळीच आवडत नसे. टीव्ही बघून तिला सॅडचा अर्थ ठाऊक होता. भरल्या ताटावरून उठताना तोंडातून असलं काढू नये, असं ती दोघांनाही सांगायची. दोघं ऐकायची नाहीत.

अक्षदा बी.कॉम. झाली आणि तिचं लग्न बेल्ह्याच्या ऋषीशी झालं. ऋषीचा टेम्पो होता, बाजाराच्या दिवशी जनावरांची ने-आण चालायची. घर खातंपितं. लग्नानंतर सर पहिल्यांदा तिकडे जेवायला गेले तेव्हा अक्षदा सवयीनं बोलून गेली, "मी तर सॅड." तिची सासू गोजरबाई हिचा चेहरा उतरला. सरांनी हसत हसत सगळा उलगडा केला. तेव्हापासून त्या घरालाही तो शब्द माहीत झाला.

पुढे अक्षदाचा फोन रोज संध्याकाळी सरांना यायचा, ते शाळेवर असले तरी. माहेरी बोलायचं तर स्पीकर चालू ठेवूनच, असा गोजरबाईचा दंडक होता. घरातल्या गोष्टी बाहेर जायला नकोत, एवढंच तिचं म्हणणं. सर विचारायचे, जेवलीस का? अक्षदा म्हणायची, जेवले, सॅड आहे. सर समाधानानं फोन ठेवायचे.

शनिवार-रविवारी घरी फोन कानावर पडला की नूतन म्हणायची, "तिचा आवाज खोल गेलाय. तुमी एकदा जाऊन या."

"अगं, ती सॅड म्हणाली," सर म्हणायचे. "आमचा शब्द आहे तो."

बेल्हे काही लांब नव्हतं, मोटरसायकलवर सहज जाऊन येण्याजोगं. पण लेकीच्या घरी सारखं जाणं बरं दिसत नाही, असं सरांचं मत. नूतननं एकटीनं जायचं म्हटलं तर, उगीच संशय घेतल्यासारखं होईल, असं सांगून त्यांनी तिलाही थांबवलं.

मग अक्षदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे. सातव्या महिन्यात सरांनी तिला आणायची गोष्ट काढली. गोजरबाई म्हणाली, बाजाराला येणाऱ्या व्यापाऱ्यांचा स्वयंपाक असतो, पुढच्या महिन्यात न्या. सरांनी ते मान्य केलं. त्या दिवसांत अक्षदाच्या पोटात दुखायचं आणि अंगावरून जायचं. तिनं सासूला सांगितलं. सासू म्हणाली, पहिलटकरणीला असं व्हायचंच. ऋषीला सांगितलं, तो म्हणाला, आईला विचार.

त्या संध्याकाळी ती फोनवर म्हणाली, "पप्पा, आज मी लई सॅड आहे."

सर हसले. "लई? मग काय केलं होतं जेवायला?"

 ती म्हणाली, "पिठलं."

एक दिवस मध्ये गेला आणि ऋषीचा फोन दवाखान्यातून आला. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. अक्षदा वाचली, पण तिला रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या. नूतन तिच्या उशाशी बसली ती उठेचना. सर व्हरांड्यात उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावून विचारलं, हिला इतके दिवस त्रास होत होता, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? सर म्हणाले, नाही.

अक्षदाला बोरीला आणलं. बरेच दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एकदा दुपारी उठून ओट्यावर आली. सर कांद्याचं रोप निवडत बसले होते. ती त्यांच्याजवळ बसली.

"पप्पा, स्पीकर चालू असायचा. मला दुसरा शब्द बोलता येत नव्हता."

"मला वाटलं, तू आपलं..."

"तुम्हाला काय वाटणार ते मला ठाऊक होतं. तरी रोज म्हणायचे. वाटायचं, कधी तरी कळंल."

सरांचे हात थांबले. आत चुलीपाशी नूतन होती. तिनं सगळं ऐकलं. तुमाला मी सांगत व्हते, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही, नंतरही कधी म्हणाली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं सर मला एकदा म्हणाले.

ऋषी दोन वडीलधारी माणसं घेऊन तिला न्यायला आला होता. तो वाईट नव्हता, पण आईसमोर त्याला उभं राहता येत नव्हतं. अक्षदा आतूनच नाही म्हणाली. आता कोर्टात सोडचिठ्ठीच्या तारखा चालू आहेत.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला जुने विद्यार्थी आले होते, कुणी फॉरेस्टात लागलेले, कुणी चाकणला कंपनीत. त्यांनी आग्रह धरला, सर, एखादा जुना अर्थ सांगा. सर उठले, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

तेव्हापासून त्यांना एक खोड लागली आहे. कुणी बरं आहे म्हटलं की विचारतात, बरं म्हणजे कसं? झोप लागते का? भाजी देणाऱ्या बाईला विचारतात, एसटीच्या कंडक्टरला विचारतात. माणसं कंटाळतात. अक्षदाही कंटाळली. दिवसातून दहादा काय दुखतंय, काय हवंय, याला उत्तरं देऊन ती थकली. तिनं घोडेगावात तहसीलजवळ झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं, तिथंच दोन मुलींबरोबर खोली घेतली. जाताना वडिलांना म्हणाली, रोज फोन करू नका. मला वाटलं तर मीच करीन.

ती फार करत नाही. सर मग मंगळवारी एसटी धरून घोडेगावला जातात. दुकानात शिरत नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर बसतात. अक्षदाला ते काचेतून दिसतात. एखाद्या मंगळवारी ती बाहेर येते, शेजारी बसून चहा घेते, कांद्याला काय भाव चाललाय ते विचारते. सर सांगतात. बऱ्याचदा दुकानात गर्दी असते आणि ती येत नाही. सर दुपारच्या गाडीपर्यंत थांबतात, टपरीवाल्याला कपाचे पैसे देतात आणि स्टँडकडे चालू लागतात.