बाईंच्या डाव्या कानामागची खिडकी

"मुलगी फारशी बोलत नाही ना? मग मंडळाला धोका नाही!"

हे वाक्य माझ्याबद्दलचं आहे आणि ते मी ऐकायचं नव्हतं. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला मी स्वयंपाकघरात प्रसादाचे द्रोण भरत होते आणि दाराच्या पलीकडे आमच्या ह्यांचे मित्र कुजबुजत होते. त्यातले आप्पा शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. सगळा जन्म शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्यात गेल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा तिथपर्यंत पोचायची. मी तर पहिल्याच बाकावर होते!

मंडळ म्हणजे जुन्या सिनेमांची पोस्टरं जमवणारं मंडळ. अध्यक्ष आप्पा. सभासद तीन, त्यातले एक आमचे हे. नाशकात गंगापूर रोडला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. एकीत स्वयंपाक, दुसरीत आम्ही दोघं. आणि आमच्यात मंडळ.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. सगळ्या देशाला बोलायची मुभा परत मिळाली होती आणि जो तो ती वापरत होता. त्यामुळे ऐकायला कुणीतरी हवंच होतं. बोलणाऱ्याचे किस्से सांगून सांगून विरतात. गप्प बसणाऱ्याकडे मात्र ते साठत जातात, घडी न पडता, कोपरे शाबूत. त्यातले हे थोडे बाहेर काढते.

*

खोलीत पाऊल टाकलं तेव्हा समोरच्या भिंतीवर एक बाई होत्या. अख्ख्या भिंतीएवढ्या! सहा कागद जोडून, मागे कापड लावून, वरच्या बाजूला पट्टी ठोकून टांगलेलं पोस्टर. एके काळी ह्या नटीसाठी लोक तिकिटाच्या खिडकीवर एकमेकांचे सदरे फाडत असत. नाव सांगत नाही, कारण मंडळातही कुणी नाव घेत नसे. नुसतं "बाई" म्हणायचं, तेही आवाज खाली आणून.

पोस्टरवर बाईंची डावी भुवई जराशी वर उचललेली होती. समोरचा माणूस काहीतरी अचाट बोलतोय आणि आपण सभ्यपणे ऐकून घेतोय, अशी. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, ह्या घरात माझ्या मताचं दुसरं माणूस हेच!

पण खोलीत हवा येत नव्हती. मी ह्यांना विचारलं, "ह्या खोलीला खिडकी नाही?"

"आहे ना."

"कुठे?"

"बाईंच्या डाव्या कानामागे."

"उघडता येईल?"

हे जरा विचारात पडले. म्हणाले, "आप्पांना विचारतो."

आप्पांना विचारण्यात आलं. "ऊन म्हणजे कागदाला विष!" ते म्हणाले. मग मीटिंग होऊन ठरलं की खिडकी वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला, दहा मिनिटं, अध्यक्षांच्या देखरेखीखाली उघडावी.

तशी ती दिवाळीला उघडली. तेव्हा कळलं, मागे कडुनिंबाचं झाड आहे. लग्न जूनमधलं. पाच महिने मी त्या झाडाला खेटून राहत होते!

*

दुसरे सभासद गायकवाड. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला. त्यामुळे कागद म्हटला की शेवटचा शब्द त्यांचा. कुठलंही पोस्टर हातात आलं की ते दिव्यासमोर धरायचं, एक डोळा मिटायचा आणि "हं" म्हणायचं. 'हं' लांबला तर माल नकली, तुटला तर असली.

सवय अशी हाडात मुरलेली की वीज बिल उजेडासमोर, लग्नपत्रिका उजेडासमोर. एका रविवारी जेवायला बसले. मी पोळी वाढली. त्यांनी ती दोन बोटांत उचलली, बल्बसमोर धरली, एक डोळा मिटला.

पंगत थांबली.

"हं!" तुटला. "वहिनी, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी. ओरिजिनल आहे!"

दहा महिन्यांत त्या घरात माझं झालेलं हे एकमेव कौतुक.

*

पोस्टर जुनं झालं की ते सपाट ठेवावं लागतं. सपाट ठेवायला वजन लागतं. वजन कुठून आणायचं? म्हणून मंडळाच्या निम्म्या कलेक्शनची सोय आमच्या गादीखाली केलेली होती. "दोन माणसांचं वजन पडलं की कसं, एकसारखं!" आप्पा म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

निफाडहून माझी आई राहायला आली. दुपारी आडवी झाली आणि दचकून उठली.

"गादीखाली काय गं वाजतंय?"

"हिरो आहेत, सात. आणि एक खलनायक."

आईने गादीची कड उचलून बघितली. मग म्हणाली, "आणि जावईबापू?"

"ते वर झोपतात, आप्पांची हरकत नसली तर."

*

तिसरा सभासद बंडू. द्वारकेला त्याचं सायकलचं दुकान. हा मंडळाचा फिरता हात. द्वारकेच्या नाक्याजवळ एका भिंतीवर वर्षानुवर्षं पोस्टरावर पोस्टर चिकटत होतं. बंडूच्या मते आता आत भिंत राहिलेलीच नव्हती, नुसता कागद उभा होता!

एका दुपारी त्याने ओलं गोणपाट मारून तिथला वीतभर जाड थर सोलून आणला. माझ्या कपडे धुवायच्या टबात तो भिजत घातला. वरचे कागद एकेक सुटत गेले आणि खालून एक चेहरा वर आला. नुसता चेहरा. दाट केस, बारीक मिशी, नजर दूर कुठेतरी.

"लय जुना माल हाये आप्पा!" बंडू म्हणाला.

आप्पांनी चष्मा पुसला. "हा त्याचा सुरुवातीचा काळ. बोलपट नुकते आले होते तेव्हाचा. मिशीची लकेर बघा, ही मिशी आता कुणाला जमत नाही!"

गायकवाडांनी ओला कागद बल्बसमोर धरला. "कागद मात्र नवा वाटतो."

"कागद नवा असेल, मिशी जुनी आहे!"

दोन तास चर्चा झाली. नाव तीनदा बदललं. आमच्या ह्यांनी त्या नटाचा पडलेला एक सिनेमासुद्धा आठवला! मी मधून मधून चहा देत होते आणि त्या चेहऱ्याकडे बघत होते. तो मला पहिल्या नजरेतच ओळखू आला होता. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी खालचा तुकडा सुटला. त्यावर ठसठशीत अक्षरात होतं, "निफाड तालुक्याचा बुलंद आवाज! प्रचंड मतांनी विजयी करा!"

हे मला म्हणाले, "तू तर निफाडचीच ना? ओळखलं नाहीस?"

"ओळखलं ना. पण तुम्ही इतके खूश होता!"

*

बाईंच्या गालावर पोस्टरात एक तीळ होता. गायकवाडांनी कुठूनसं दुसरं पोस्टर आणलं, त्यात तो तीळ दुसऱ्या गालावर. झालं! मंडळात फूट पडली. आप्पा डाव्या गालाचे, गायकवाड उजव्या गालाचे. तीन रविवार दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही यायचे मात्र वेळेवर, आणि "त्यांना सांगा" म्हणून आमच्या ह्यांच्या मार्फत भांडायचे.

"त्यांना सांगा, माणसाला डोळे दिलेत देवाने," गायकवाड म्हणायचे.

"त्यांना सांगा, मला दोन दिलेत, त्यांना एकच," आप्पा म्हणायचे.

मी तिसरा चहा ठेवला. भिंतीवर बाईंची भुवई होती तिथेच होती.

*

मार्च संपता संपता दोन गोष्टी घडल्या.

पहिली माझी. मला दिवस गेले होते. खोली तापायला लागली होती, आणि पोस्टरं चिकटवायची मैद्याची खळ रविवारी चुलीवर शिजली की तिच्या वासाने मला उभं राहवत नसे. रात्री मी ह्यांना म्हटलं, "मला दुसरं काही नको. ती खिडकी तेवढी उघडा."

हे वाईट नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आप्पांना विचारतो."

विचारलं. आप्पा म्हणाले, "टेबलफॅन घ्या!"

दुसरी गोष्ट बाईंची. आप्पांचा रेडिओबद्दल एक सिद्धांत होता. जुन्या नटीच्या सिनेमातलं एक गाणं लागलं तर योगायोग. दोन लागली तर वाढदिवस. आणि लागोपाठ तीन लागली, म्हणजे माणूस गेलं! एका सकाळी बाईंच्या सिनेमांतली तीन गाणी लागोपाठ लागली. आठच्या आत आप्पा सायकलवरून दारात. पायांत दोन वेगळ्या चपला.

"बाई गेल्या!"

संध्याकाळी खोलीत शोकसभा. पोस्टरला चंदनाचा हार. आप्पा बोलताना हुंदका आवरून म्हणाले, "शेवटपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज कमी झालं नाही!" हा शेवट त्यांनी कधी पाहिला, ते कुणी विचारलं नाही. मग दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. मंडळातलं कुणीच बोलत नाहीये, असं माझ्या लग्नापासून पहिल्यांदाच घडत होतं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"बातमी दाबली!" आप्पा म्हणाले. आणि त्यांनी सुंदर अक्षरात, काळ्या चौकटीत, 'दिवंगत बाईंच्या शोकाकुल परिवारास' असं सांत्वनाचं पत्र मुंबईला पाठवून दिलं. पत्ता एका जुन्या सिने-मासिकातला. खाली चौघांच्या सह्या, आणि सभेचं ठिकाण म्हणून आमच्या घराचा पत्ता.

पुढच्या मीटिंगमध्ये ठराव झाला. बाई आता हयात नाहीत, तेव्हा हे पोस्टर म्हणजे स्मारक. स्मारकाच्या मागे खिडकी शोभत नाही, ओल येते. खिडकी विटांनी कायमची बुजवावी! बंडूच्या ओळखीचा गवंडी येत्या रविवारी अकरा वाजता येणार होता.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आप्पांकडे पाहिलं. ठराव एकमताने मंजूर.

त्या शनिवारी दुपारी मी एकटी बाईंसमोर उभी राहिले. पोस्टरच्या कडेमागून हात घालून खिडकीची कडी चाचपली. गंजली होती, पण होती.

*

रविवारी साडेदहाला दाराशी टॅक्सी थांबली. पांढरी सुती साडी, जाड काचांचा चष्मा, पिकलेले केस मागे बांधलेले, अशा एक बाई उतरल्या. हातात काळ्या चौकटीचं पत्र. असलं पत्र लोक वाचलं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. त्यांनी ते घडी न मोडता जपून आणलं होतं.

"हे पत्र तुम्हीच लिहिलंत?"

आप्पा उठून उभे राहिले. "होय. आपण बाईंच्या...?"

"अगदी जवळची."

मग काय! त्यांना खुर्ची देण्यात आली. आप्पांनी आधी बाईंचं बालपण सांगितलं, मग पहिला सिनेमा, मग दुसऱ्या सिनेमात दिग्दर्शकाशी झालेलं भांडण. पाहुण्या एकदा म्हणाल्या, "ते भांडण नव्हतं हो झालं," तर आप्पा समजुतीने हसले. "नातेवाइकांना आतल्या गोष्टी माहीत नसतात!"

गायकवाडांनी संधी साधली. "एकच विचारतो. तीळ कुठल्या गालावर होता?"

"पेंटरला विचारायला हवं," पाहुण्या म्हणाल्या.

"शेवटी फार त्रास झाला नाही, असं ऐकलं," आमचे हे हळव्या आवाजात म्हणाले.

"छे. मला तर कळलंसुद्धा नाही."

आप्पा त्यांच्याकडे झुकले. "खरं सांगू? बाईंना आमच्याइतकं कुणी ओळखलंच नाही. आजही गर्दीत दिसल्या असत्या, तर आम्ही पाठमोऱ्या ओळखल्या असत्या!"

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. चष्म्यावर पाहुण्यांची डावी भुवई जराशी वर गेली.

मी भिंतीकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. मग परत भिंतीकडे. दहा महिने रोज झोपताना आणि उठताना ती भुवई मी पाहिली होती.

पाहुण्यांनी पदराने मान पुसली. माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, पायांपासून चेहऱ्यापर्यंत, आणि विचारलं, "इथे किती उकडतंय! ह्या खोलीला खिडकी नाही?"

"हाये ना," बंडू म्हणाला, "बाईंच्या डाव्या कानामागं. पण आजपासून बंद. त्यो बघा, गवंडी बी आला."

खरंच, अंगणात गवंडी विटा उतरवत होता.

पाहुण्या उठल्या. सावकाश भिंतीपाशी गेल्या, हार बाजूला केला आणि पोस्टरची खालची कड दोन्ही हातांनी धरून उचलली.

एकच आरडाओरडा झाला! "अहो, काय करताय!" "कागद फाटेल!" "हात लावू नका!" आप्पा खुर्ची आडवी करून पुढे धावले. "बाईंना हात लावायचा नाही! कुणाच्या परवानगीनं? अहो, सांगा ना त्यांना कुणीतरी!"

सगळे एकदम बोलत होते. मी तांब्या खाली ठेवला.

"उघडू द्या त्यांना, आप्पा," मी म्हणाले. "चेहरा त्यांचाच आहे."