शालूबाई वेखंडे यांची वहिवाट

खडवली स्थानकातून बाहेर पडून भातसा नदीच्या रोखाने चालू लागले, की पाव तासाच्या अंतरावर ‘नीलतरंग’ या जलक्रीडा-उद्यानाचे जुने प्रवेशद्वार लागत असे. त्या द्वारापासून हाकेच्या अंतरावर शालूबाई वेखंडे यांचे कौलारू घर आणि घरापुढे बांबूंवर तोललेले छप्पर होते. छपराखाली चार बाकडी, एक चूल, एक गॅसची शेगडी आणि भिंतीला ठोकलेल्या तीन लांब फळ्या. या फळ्यांवर शालूबाईंचा संसार उभा होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

उद्यानात बाहेरचे अन्न नेण्यास मनाई होती. पण डोंबिवली-कल्याणकडची कुटुंबे ती. घरून पुरी-भाजी, थालीपिठे, दहीभात बांधून घेतल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. द्वारावरचा पहारेकरी डबे अडवी आणि बोटाने शालूबाईंचे छप्पर दाखवी. शालूबाई डबा घेत, त्याच्या कडीला जुन्या लुगड्याची एक चिंधी बांधीत आणि त्याच लुगड्याची दुसरी चिंधी डबा देणाऱ्याच्या मनगटाला. दुपारी मंडळी हातावर शिक्का मारून बाहेर येत, छपरात बसून आपलेच अन्न खात आणि वर शालूबाईंचे ताक विकत घेऊन पीत. डबा सांभाळण्याचे मोल त्यांनी कधी घेतले नाही. ‘अन्नाला सावली दिली, तिचे काय घ्यायचे?’ असे त्या म्हणत. डबे सांभाळण्याच्या चौदा वर्षांत एकदाच दोन डब्यांची अदलाबदल झाली, आणि तेव्हाही अळूवडी मिळालेल्या कुटुंबाने शेवटची वडी संपेपर्यंत चूक लक्षात आणून दिली नाही.

घर आणि छप्पर यांखालची तीन गुंठे जमीन तेवढी वेखंड्यांची उरली होती. पुढचे शेत शालूबाईंचे यजमान धाकू यांनी बावीस वर्षांपूर्वी उद्यानाच्या पहिल्या मालकाला दिले. स्टेशनच्या रस्त्याला मिळणारी त्यांची पायवाट त्याच शेतातून जात होती. ‘शेत माझं, वाट तुमची’, असे त्या वृद्ध मालकाने हातात हात घेऊन सांगितले होते. धाकूंना तेवढे पुरले. दिलेला शब्द हाच दस्तऐवज मानणाऱ्या पिढीतले ते होते, आणि शब्द देणारा एक दिवस मरतो, ही गोष्ट त्या पिढीच्या हिशेबात नव्हती.

मालक वारला. उद्यान दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि विस्ताराची योजना निघाली. त्या रिकाम्या शेतावर लाटांचा नवा तलाव व्हायचा होता. मुख्य प्रवेशद्वार महामार्गाच्या अंगाला जायचे होते, म्हणजे मोटारींतून येणारी माणसे थेट आत उतरणार. वार्ता पसरताच पोहण्याचे कपडे भाड्याने देणारा सामान गुंडाळून महामार्गाकडे गेला. कणसे भाजणारा त्याच्या पाठोपाठ गेला. रिक्षांचा थांबा ओस पडला. शालूबाईंना मात्र जाता येण्यासारखे नव्हते. इतरांची दुकाने हातगाडीवर होती, आणि त्यांचे दुकान म्हणजे त्यांचे घर होते.

अशात एके सकाळी उद्यानाचा व्यवस्थापक सुधीर नारळ आणि तांदळाच्या अक्षता घेऊन छपरात आला. डोंबिवलीचा सुशिक्षित, मृदुभाषी तरुण.

“काकू, येत्या गुरुवारी नव्या कामाचं भूमिपूजन आहे. आमचे मालक परदेशात असतात. पाटावर बसायला जोडपं हवं. मी म्हटलं, ही माती ज्यांची, तेच बसू देत. तुम्ही आणि काका.”

शालूबाई चुलीपाशी तशाच उभ्या राहिल्या. “आम्ही? पाटावर?”

“तुमच्याशिवाय मान कुणाचा?”

“आवो, ऐकलं का,” त्या आत वळून म्हणाल्या, “तुमचं धोतर काढा पेटीतून. लग्नानंतर कुणी पाटावर बसवलं नाय आपल्याला.”

“बसवलं व्हतं,” आतून धाकू म्हणाले, “तुझ्या भावाच्या वास्तुशांतीला.”

“तो पाट नव्हता, फळकूट व्हतं!”

सुधीर हसला. त्याच्या हसण्यात कपट होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला जोडपे हवे होते आणि जोडपे समोर होते. जाता जाता तो म्हणाला, “आणि तुमच्या विनीतचा अर्ज माझ्याकडे आलाय. भातसेत पोहलेला मुलगा. जीवरक्षक म्हणून असाच माणूस लागतो.”

गुरुवारी अण्णा गुरुजींनी मंत्र म्हटले. आपल्याकडे कोणतेही धर्मकार्य संकल्पावाचून सुरू होत नाही. कोण, कोठे, कोणत्या तिथीला, कशासाठी हे कार्य करतो, हे देवापुढे स्पष्ट उच्चारायचे आणि मग पळीभर पाणी तळहातावरून सोडायचे. त्या पाण्याबरोबर माणूस आपल्या शब्दाला बांधला जातो. धाकूंच्या हाताला हात लावून, गुरुजींच्या मागोमाग, शालूबाईंनी एकेक संस्कृत शब्द जपून उच्चारला. आपल्या ओठांतून देवभाषा निघते आहे, या जाणिवेने त्या एकही अक्षर गळू देत नव्हत्या. कॅमेरे लखलखले. महिन्याभरात विनीतला नोकरी लागली, आणि लाल चड्डी, पिवळा सदरा, गळ्यात शिटी अशा वेशात तो घरातून निघू लागला.

पुढे दिवाळी झाली आणि जुने द्वार कायमचे बंद झाले. मग भिंत उठू लागली. ती शेताच्या कडेने आली, वळली, घराच्या मागून गेली आणि नदीच्या अंगाला पुन्हा वळली. पायवाटेपाशी चार हातांची फट तेवढी उरली होती. छपरात आता कोणी येत नव्हते. तिन्ही फळ्या रिकाम्या होत्या. तरी शालूबाई रोज ताक घुसळीत आणि संध्याकाळी ते शेजारच्या पाड्यावर वाटून टाकीत. त्या फटीतून त्यांचे बाजाराला, दवाखान्याला, स्टेशनला जाणे होई. एक दिवस गवंडी त्या फटीपाशी विटा रचू लागले.

शालूबाईंनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. वाट अडवू नये, एवढीच मागणी होती. सुनावणी होईपर्यंत विटांचे काम थांबले.

त्या संध्याकाळी विनीत घरी आला तो गणवेशातच.

“आई, तू अर्ज केलायस?”

“केलाय. का रे?”

“सुधीरसर मला बोलले. डायरेक्ट नाही बोलले. एवढंच बोलले, की आईला सांग, एकाच घरातून दोन तोंडं बरी दिसत नाहीत.”

“मग तू काय म्हणालास?”

“मी काय म्हणणार? सर आहेत ते.” त्याने शिटी काढून खुंटीला अडकवली. “सान्वीच्या घरच्यांना मी परमनंट आहे असं सांगितलेलंय. मे महिन्यात लग्न आहे. तुला माहितेय ना?”

सान्वी ही आंबिवलीची मुलगी. तिच्यासाठी शालूबाईंनी हिरवे पातळ घेऊन ठेवले होते.

“वाट बंद झाली तर तिनं या घरात यायचं कुठून, भिंतीवरून?”

“ते पास देणार आहेत, आई. गेटमधून यायचं-जायचं. कम्पाउंडच्या आत घर, म्हणजे उलट सेफच.”

“कोंबडीला पण खुराडं सेफच असतं,” धाकू कोपऱ्यातून म्हणाले. गुडघ्यांमुळे ते आता फारसे उठत नसत, आणि बोलत त्याहूनही कमी.

सुनावणीच्या आदल्या दिवशी शालूबाई अण्णा गुरुजींकडे गेल्या. मनात एक कुसळ रुतून बसले होते. भूमिपूजनाच्या दिवशी आपण नेमके म्हटले काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. गुरुजी ओटीवर पंचांग चाळीत होते.

“अण्णा, संकल्पात काय व्हतं हो? मला मराठीत सांगा.”

गुरुजींनी चष्मा काढला. ते वृद्ध होते आणि असत्य बोलण्याची सवय त्यांना वयाच्या कोणत्याच टप्प्यावर लागली नव्हती. “शालूबाई, कंपनीनं मला कामाची यादी दिली होती. तिच्यावरून मी शब्द योजले. जलाशयाची सिद्धी, द्वाराची सिद्धी, आणि...” ते थांबले. “आणि प्राकाराची. समंतात् प्राकार, म्हणजे चारही बाजूंनी भिंत. ती निर्विघ्न पूर्ण व्हावी, असं.”

“म्हणजे भिंत मी मागितली.”

“तुम्हांला अर्थ माहीत नव्हता, बाई.”

“देवाला व्हता ना?”

गुरुजींना यावर शास्त्रवचने पुष्कळ सांगता आली असती. अर्थ न जाणता केलेल्या संकल्पाबद्दल पूर्वसूरींनी बराच ऊहापोह केलेला आहे. पण समोरच्या स्त्रीचा चेहरा पाहून त्यांनी पंचांग मिटले. “चहा घ्या”, असे ते म्हणाले. शालूबाईंनी चहा घेतला नाही.

कचेरीतील अधिकारी सज्जन होते. त्यांनी शालूबाईंना खुर्ची दिली, पाणी मागवले, अर्ज पुन्हा एकदा वाचला. कंपनीच्या बाजूने सुधीर आला होता, आणि त्याच्या मागे, भिंतीला टेकून, विनीत. त्याला बोलावले होते की तो आपण होऊन आला होता, हे शालूबाईंनी विचारले नाही. त्यांची नजर एकदाच त्याच्याकडे गेली आणि लगेच खाली आली.

सुधीरने एक चौकट टेबलावर ठेवली. आत भूमिपूजनाचे छायाचित्र होते. पाटावर धाकू आणि शालूबाई, पुढे कलश, शालूबाईंचा हात लागलेल्या धाकूंच्या तळहातावरून सुटणारी पाण्याची धार. पाण्याचा थेंब हवेत अडकल्यासारखा दिसत होता.

“साहेब, विस्ताराला त्यांचा विरोध होता असं कुठेच दिसत नाही,” तो नम्रपणे म्हणाला. “पूजेचे यजमान तेच होते. पर्यायी मार्ग म्हणून आम्ही त्यांना गेटमधून कायमचा पास देतोय.”

अधिकारी छायाचित्राकडे पाहत राहिले. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “बाई, मला एकच सांगा. या ठिकाणी चारही बाजूंनी भिंत होणार, याची तुम्हांला त्या वेळी कल्पना होती? नसेल, तर स्पष्ट नाही म्हणा. मी तसं लिहून घेतो. घाबरू नका.”

ही फट होती. भिंतीतल्या फटीपेक्षा रुंद, आणि एका माणसाने माणुसकीने उघडून धरलेली. ‘नाही’ म्हटले की वाट उरण्याची आशा होती. शालूबाईंनी तोंड उघडले.

पण ‘नाही’ म्हणायचे, म्हणजे देवापुढे पाणी सोडून उच्चारलेले शब्द कचेरीत पुसून टाकायचे. आणि ते पुसले, की मागे उभा असलेला मुलगा उद्या कोणत्या दारात उभा राहणार? खोलीत पंखा फिरत होता. विनीतने भिंतीवरून पाठ काढली आणि तो सरळ उभा राहिला, एवढे त्यांना न पाहताही कळले.

“मी बोलले व्हते, साहेब,” त्या म्हणाल्या.

“काय बोलला होता?”

“भिंत व्हावी असं. माझ्या तोंडानं.”

“अर्थ माहीत असून?”

शालूबाईंनी पदर नीट केला. “शब्द माझे व्हते.”

आणखी काही येत नाही, असे पाहून अधिकाऱ्यांनी लेखणी उचलली आणि तसेच लिहून घेतले. सुधीरने चौकट उचलून कापडात गुंडाळली आणि दारातून जाताना “थँक यू, काकू” म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता, आणि शालूबाईंना त्याचाच त्रास अधिक झाला.

तिसऱ्या दिवशी गवंड्यांनी फट बुजवली. धाकू खाटेवर उठून बसले आणि शेवटची वीट बसेपर्यंत पाहत राहिले. शालूबाई पाहायला बाहेर आल्या नाहीत. त्या फळ्यांवरची धूळ झटकीत होत्या.

सोमवारी विनीत त्यांना महामार्गाकडच्या नव्या द्वारावर पास काढायला घेऊन गेला. घरापासून तिथपर्यंत जायला आता उद्यान आडवे ओलांडावे लागे. निळ्या रंगाच्या घसरगुंड्या, कोरडा लाटांचा तलाव, प्लॅस्टिकची ताडाची झाडे. शालूबाईंनी चौदा वर्षांत हे आतून कधी पाहिले नव्हते. काचेमागे योगिनी नावाची एक तरतरीत मुलगी संगणकापुढे बसली होती.

“नाव?”

“शालू धाकू वेखंडे.”

“पत्ता?”

शालूबाईंनी मागे बोट दाखवले. “हे काय, आतच.”

“आतला पत्ता यात बसत नाही, काकू. यात फक्त व्हिजिटर आणि स्टाफ आहे. तुम्ही स्टाफ नाही, म्हणजे व्हिजिटर. कुणाला भेटायला येता असं लिहू?”

“कुणालाच नाय. मी घरी जाते.”

मुलगी गोंधळली. तिने बोटे उचलून धरली. “ही जागा भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. स्टाफपैकी कुणाचं तरी नाव द्यावं लागेल.”

विनीत एक पाऊल पुढे आला. गळ्यातली शिटी त्याने मुठीत धरली होती.

“विनीत वेखंडे लिही,” शालूबाई म्हणाल्या.

“नातं?”

“तो माझा... मी त्याची आई.”

यंत्रातून कार्ड बाहेर आले. योगिनीने ते दोरीत ओवले आणि काचेच्या फटीतून पुढे केले. “सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, काकू. सहाला गेट बंद होतं.”

“आणि सहानंतर मला बाहेर यायचं असलं तर?”

मुलीने विनीतकडे पाहिले. विनीतने जमिनीकडे.

“सहानंतर आतच राहायचं,” ती म्हणाली. “तसंही तुमचं घर आतच आहे ना.”

शालूबाईंनी दोरी गळ्यात घातली. कार्ड छातीवर उलटे पडले होते. विनीतने हात पुढे करून ते सरळ केले.