माथ्यावरची रिकामी बाटली

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी अभ्यासाला फळमाशी घेतली. डोंगर चढत जाऊ तशा तिच्या जाती कमी होतात का, ते बघायचं होतं. आमचं गाव बालाघाटाच्या पायथ्याला, मांजरसुंब्याचा घाट लागायच्या अलीकडे. सीताफळं खालपासून वरपर्यंत सगळीकडे. म्हणून मी एक बाटली आमच्या बांधावर टांगली, एक निम्म्या चढावर आणि एक पार माथ्यावर. बाटलीत औषधाचा बोळा होता. त्याच्या वासानं नर माश्या आत शिरतात आणि अडकतात.

माथ्यावर मला एकटीला कोणी जाऊ देत नव्हतं. माझे वडील, अण्णा, सोबत यायचे. पण दिवाळी झाली की आई आणि अण्णा ऊसतोडीला जाणार होते, म्हणजे त्याआधीच सगळं उरकायला हवं होतं.

बांधावरच्या बाटलीत माश्यांचा थर साचायचा. पंखांवरच्या पट्ट्यांवरून त्यात तीन जाती सापडल्या. मधल्या बाटलीत दोन. माथ्यावरची बाटली मात्र प्रत्येक वेळी रिकामी.

मी घाबरले. कॉलेजातल्या माझ्या गाईड मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "बोळ्यातलं औषध उडून गेलं असेल. तसं असेल तर ती जागा अभ्यासात धरता येणार नाही."

अण्णा म्हणाले, "वर माशीच नसंल, तर बाटलीत कुठून येईल?"

"तसं असंल तर चांगलंच हाय, अण्णा. पण मला ते दाखवून द्यावं लागंल."

विचार करताना सुचलं की बाटल्यांची अदलाबदल करावी. औषध गेलेलं असेल, तर वरची बाटली खाली आणूनही रिकामीच राहील. आम्ही वरची बाटली बांधावर आणली आणि बांधावरची धुऊन, तिचा बोळा तसाच ठेवून, माथ्यावर टांगली.

आठवड्यानं बांधावर गेले, तर वरून आणलेली बाटली माश्यांनी भरलेली. औषध चांगलं होतं. तरी बांधावरची बाटली माथ्यावर काय दाखवते, तेही बघायचं होतं. चढताना अण्णांनी विचारलं, "लई दम लागला का?" "न्हाई, चला," म्हणत मी पुढं झाले.

माथ्यावर वारा होता, हवाही गार. बाटलीत दोनच माश्या होत्या, दोन्ही एकाच जातीच्या. मी त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि मग मला हसू आलं.

"काय झालं गं?"

"काही बिघडलं न्हाई, अण्णा. इथं माशीच कमी हाय."

अण्णा दगडावर टेकले. झाडावरचं एक पिकलेलं सीताफळ त्यांनी फोडलं, आत अळी नाही ना ते पाहिलं आणि अर्धं माझ्या हातात दिलं. "मग आता खा," म्हणाले. मी खाल्लं. त्यांनी आणखी दोन तोडली, आईसाठी.