पूर्णेच्या डोहातलं हाड

दगड झालेली हाडं पाहायला मी अमरावतीहून मोटारसायकलवर पूर्णेच्या काठी गेलो, तेव्हा तो माणूस भर थंडीत डोहात बुड्या मारत होता. फार पुरातन काळातल्या हत्तींचे दात तो गाळातून काढतो, असं ऐकलं होतं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

वर आला की त्याचे ओठ निळे पडलेले असत. तरी अंग न पुसता तो हातातलं हाड खडकावर ठोकायचा आणि कान द्यायचा. टणक आवाज आला की ते माझ्याकडे टाकायचा. मी हरखून जायचो. तो मात्र मान खाली घालून पुन्हा पाण्यात शिरायचा.

"असं ठोकून काय ऐकता?" मी विचारलं.

"दगडाचं वाजते, दादा. मानसाचं वाजत नाही. मांगं आमी दोघं भाऊ अठीसाच, याच डोहात, दात काढून राहिलो होतो. लहाना वर आलाच नाही. माय त्याची तेरवी करू देत नाही. म्हन्ते, एक हाड तरी आन."

दुपारी त्यानं आणलेलं एक हाड वाजलं नाही. त्यानं ते पुन्हा ठोकलं. मग आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"बकरीचं दिसतंय," मी हळूच म्हणालो.

"दिसते मले." त्यानं ते धुतलं, कोरड्या पंचात नीट गुंडाळलं आणि छातीशी धरलं. "मायले आता दिसत नाही. हेच देतो तिले."