मध्ये कुणी बोलायचं नाही

युद्ध सुरू झालं तेव्हा मी लग्न होऊन शहरातल्या छावणी भागात नवीनच आले होते. दुष्काळ होता, नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं. मागच्या शेतांत ज्वारी उगवली नाही, प्लॉट मात्र भराभर पडत होते. रेडिओवरच्या दुपारच्या बातम्या संपल्या की आम्ही चार-पाच बायका माझ्या ओट्यावर बसून वाचनालयातली कादंबरी मोठ्यानं वाचायचो. पुस्तक एकच, म्हणून पाळीपाळीनं एकेक पान. बातम्या ऐकून धडधडणारा जीव जरा ठिकाणावर यायचा.

मागच्या बांधकामावर पाट्या वाहणारी एक बाई जेवणाच्या सुट्टीत येऊन ऐकत बसायची. फुलंब्रीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. चाऱ्यावाचून मेंढरं विकावी लागली, म्हणून शहरात आलेली. नवरा फौजेत, सीमेवर होता. एक दिवस म्हणाली, "ताई, मलाबी एक पान द्या की. दुसरीपोतर शिकलेय मी."

"आता कशाला गं?"

"त्यांची चिठ्ठी शहागंजातला दुकानदार वाचून दावतो. माझ्या नवऱ्यानं मला काय लिव्हलं, ते आधी त्याला कळतं. लई राग येतो बघा!"

तिला पान मिळालं. ती अक्षराला अक्षर जुळवत वाचायची, आणि मी जात्याच उतावळी. ती 'पा' म्हणते न म्हणते तोच मी 'पाऊस' म्हणून मोकळी! आठवडाभर तिनं सोसलं. मग एकदा पुस्तक माझ्या मांडीवर आदळलं. "तुमीच वाचा मंग! त्या दुकानदारात अन् तुमच्यात काय फरक?" असं झोंबलं मला, विचारू नका. शेजारच्या काकूंनी तिथल्या तिथं नियमच करून टाकला: वाचणारी कितीही अडू दे, मध्ये कुणी बोलायचं नाही. मी दोन दिवस फुगून बसले, पण पाळला.

युद्ध थांबलं. गल्लीत पेढे वाटले. तिची चिठ्ठी मात्र येईना. पान वाचता वाचता ती मध्येच थांबून रस्त्याकडं बघायची.

महिन्याभरानं एका दुपारी ती धावतच आली. हातात न फोडलेलं पाकीट. "मी वाचणार. तुमी निस्तं बसा."

मी अगदी तिला खेटून बसले होते. "मी खु-शाल आहे," एवढं जुळवून तिनं आमच्याकडं बघितलं आणि हसली. तोवर माझे मेले डोळे चार ओळी खाली पोचले होते. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, असं तिथं लिहिलेलं. ती अजून दवाखान्यातल्या जेवणाच्या ओळीवर होती. मग 'डा-वा' म्हणाली आणि थांबली. माझा चेहरा बघून काकूंनीच मला कोपरानं ढोसलं, सांग म्हणून. माझे डोळे भरून आले होते. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"सांगू नका ताई," ती म्हणाली. "मला लिव्हलंय. मला वाचू द्या."

आणि तिनं वाचलं. पाय. गुडघा. कापावा. एकेक अक्षर. माझ्या हातात पदराचा बोळा झाला होता. शेवटी नवऱ्याचं नाव आलं, तेही तिनं वाचलं. बांधकामावरून मुकादमाची हाक आली, ती हलली नाही. तिनं डोळे पुसले, कागद मांडीवर सरळ केला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. या वेळी ती कुठंच अडली नाही.