ठमीमार्फत

धाकटीने सकाळी मागचं दार उघडलं, तेव्हा ठमी खुराड्याच्या कोपऱ्यात काल बसवली होती तशीच बसलेली होती. पिसं फुगलेली, मान आत ओढलेली, डोळे अर्धवट मिटलेले. वाटीतल्या दाण्यांना चोचसुद्धा लागलेली नव्हती. आणि आज संध्याकाळी थोरली दवाखान्यातून घरी येणार होती.

ठमी म्हणजे कोंबडी. तांबूस रंगाची, तुरा एका बाजूला कललेला, आणि चाल अशी की अंगण जसं काही तिच्याच बापाने बांधून दिलंय. कोंबडी थोरलीची, अंगण मात्र दोघी जावांचं. एका बाजूला थोरलीचं स्वयंपाकघर, समोर धाकटीची शिवणाची खोली. या दोन दारांमध्ये गेली कित्येक वर्षं जे काही बोलणं झालं, ते ठमीमार्फत झालं. त्याआधी ठमीच्या आईमार्फत.

कारण विचाराल तर एक घागरा. थोरलीच्या मुलीच्या लग्नासाठी धाकटीने डोळे फोडून नवरीचा घागरा शिवला, आणि थोरलीने एका शब्दाने न सांगता तो दुसऱ्या शिंप्याकडे नेऊन उसवला आणि पुन्हा शिवून घेतला. धाकटीला हे कळलं ते भर मांडवात, त्या शिंप्याच्याच बायकोकडून. शिवणारी बाई शिवी एक वेळ पोटात घालेल, पण आपली शिवण उसवलेली नाही खपवून घेणार. त्या दिवसापासून दोघींचा अबोला. सख्खे भाऊ असलेले दोघींचे नवरे मात्र एकाच बाकावर बसून एकच पेपर वाटून वाचत. बायकांच्या भांडणात पडायचं नाही एवढी अक्कल दोघांनाही होती, बाकीची फारशी नव्हती.

अबोला असला तरी सामाईक अंगणात बोलल्याशिवाय चालतं थोडंच! मग थोरली अंगणात येऊन मोठ्याने म्हणायची, "ठमे, काही लोक नळ गळका ठेवून जातात बघ. पाणी काय फुकटचं आहे?" खोलीतून मशीन थांबायचं. "ठमे, सांग त्यांना, नळाचा वायसर गेलाय. नळ बंद करायला आमचे हात शाबूत आहेत." ठमी दोघींकडे आळीपाळीने मान वळवायची आणि किडे शोधायला निघून जायची.

थोरलीच्या पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं, तेव्हाही निरोप असाच झाला. पिशवी भरून दारात उभी राहून थोरली म्हणाली, "ठमे, मी येईपर्यंत नीट राहा. कुणापुढे हात पसरू नकोस. आपणहून कुणी दिलं तर खा." आवाज नेहमीसारखा कडक होता, पण शेवटी जरा कापला. धाकटीने तो ऐकला. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "ठमे, तुझ्या मालकिणीला सांग, निश्चिंत जा म्हणावं. तू उपाशी राहणार नाहीस."

तो शब्द धाकटीने मनापासून दिला होता. म्हणूनच तर घोटाळा झाला. ठमीवर नजर राहावी म्हणून तिने शिवणखोलीचं मागचं दार दिवसभर उघडं ठेवलं. ठमी आत यायची, मशीनखाली फिरायची. शाळेच्या गणवेशांचं काम चालू होतं आणि फरशीवर हिरव्या दोऱ्यांचे तुकडे पडलेले असायचे. ठमी ते किड्यांसारखे उचलायची. धाकटी हसून म्हणायची, "खा बाई, माझा झाडू वाचला."

मग ठमीने खाणं सोडलं आणि ती एका जागी बसून राहिली. नवरा पेपरातून मान वर काढून म्हणाला, "खुडूक झाली असेल." अंडी उबवायची हुक्की आली की कोंबडी खुडूक बसते, हलत नाही, खात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक. पोट गार पाण्यात बुडवायचं, हुक्की उतरते. नवऱ्याने आयुष्यात एक कोंबडी पाळलेली नव्हती, पण सांगण्याचा थाट असा की धाकटीने बादली भरली. काल संध्याकाळी तिने ठमीला पाण्यात धरलं. ठमीने पंखसुद्धा फडफडवला नाही.

तेच आज सकाळी तिच्या डोक्यात वीज चमकावी तसं आलं. खुडूक कोंबडीला हात लावला की ती अंगावर येते, चोच मारते. ठमीची आई खुडूक असायची तेव्हा थोरलीच्या हातांवर ओरखडे असायचे. ही तर गप्प होती.

"अहो, ही खुडूक नाही!" धाकटी ओरडली. "आजारी आहे ही. आणि मी हिला गार पाण्यात बुडवलं!"

नवरा बाहेर आला, ठमीकडे वाकून बघितलं. "वहिनी आज येणार ना गं?" एवढंच म्हणाला.

धाकटीने ठमीला मांडीवर घेतलं. चोचीतून आंबूस वास येत होता. तिने गळ्याखाली हात लावला. कोंबडी खाते ते आधी तिथल्या पिशवीत साठतं आणि रात्रीत खाली उतरतं, सकाळी पिशवी रिकामी लागायला हवी. ठमी कालपासून उपाशी होती आणि पिशवी मात्र टम्म. धाकटीने बोटांनी हळूच चाचपलं. दाणे हाताला लागले नाहीत. लागलं ते काहीतरी मऊ, पिळदार, एकमेकांत अडकलेलं. सगळा जन्म तिच्या बोटांनी तेच हाताळलं होतं. दोरे.

तिने चोच उघडली. जिभेच्या मागे एक हिरवं टोक दिसत होतं.

चिमटीत पकडून ओढायचं, झालं. तिची बोटं पुढे गेलीसुद्धा. पण गुंता ओढला की आवळतो, हे तिने शिकायला आलेल्या पोरींना शंभरदा ओरडून सांगितलं होतं. टोकाच्या पलीकडे काय कशात अडकलंय ते दिसत नव्हतं. तिने हात मागे घेतला.

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर कुत्रेवाले बसले होते. धाकटी झाकणाची टोपली पोटाशी धरून बसली. शेजारचा एकजण आत डोकावून म्हणाला, "आमच्याकडे कोंबडीचं ऑपरेशन स्वयंपाकघरातच होतं." सगळे हसले. धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा कुत्राही शेपूट घालून बाकाखाली गेला.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने पिशवी दाबून बघितली, चोचीत टॉर्च मारला. "टोक ओढलं नाहीत ना काकू?"

"नाही."

"चांगलं केलंत. पण हे असं उतरणार नाही. पिशवी उघडून काढावं लागेल. अंगात ताकद नाही हिच्या, टेबलावरच जाऊ शकते. नाही उघडली तर मात्र नक्की जाईल. कोंबडी तुमचीच ना?"

धाकटीने फोन काढून थोरलीला लावला. थोरल्या दिरांनी उचलला. "ती आवरतेय. डॉक्टर सोडतायत आता. काही निरोप?" मागून थोरलीचा आवाज आला, "कोण आहे हो?"

धाकटीच्या जिभेवर सगळं होतं. "काही नाही, सावकाश या," म्हणून तिने फोन ठेवला. स्वतःच्या भित्रेपणाची तिला इतकी चीड आली की डोळे भरून आले. मग ती डॉक्टरीणबाईला म्हणाली, "उघडा."

ठमीला टॉवेलात गुंडाळून धरायचं काम तिच्याकडे आलं. सुई टोचली, पिसं काढली, चीर पडली. शिवणाऱ्या बाईला कात्रीचं भय नसतं, पण धाकटीला खाली बघवेना. ठमीचं हृदय तिच्या तळहाताखाली धडधडत होतं, त्यावरच तिने सगळं लक्ष ठेवलं. चिमट्यातून हिरवा गोळा बाहेर येऊ लागला, कुजलेल्या दाण्यांसकट. मग शर्टाचं एक बटण. आणि मधेच तळहाताखालची धडधड मंदावली.

"डॉक्टर!"

डॉक्टरीणबाईचे हात थांबले. तिने ठमीच्या छातीला नळी लावली. खोलीत पंख्याचाच आवाज. धाकटी मनात म्हणत होती, ठमे, जाऊ नकोस गं. तू गेलीस तर मी तिच्याशी बोलू कशी?

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि टाके घालायला घेतले.

निघताना ती म्हणाली, "आजची रात्र काढली तर जगेल. शब्द देत नाही मी."

गाडी दारात थांबली तेव्हा धाकटी अंगणातच बसली होती, टोपली शेजारी. थोरली एक हात पोटावर दाबून आली ती घरात न जाता सरळ अंगणात. चेहरा उतरलेला, पण आवाज तोच. "ठमे!"

थोरलीने खुराड्याकडे बघितलं, मग टोपलीकडे. कोपऱ्यातल्या खुर्चीत ती हळूहळू टेकली. गळ्याखालचा उघडा भाग आणि त्यावरचे टाके तिला बसल्या जागेवरून दिसत होते. "ठमे, कुणी केलं गं हे?"

धाकटीने सवयीने तोंड उघडलं. "ठमे, सांग त्यांना..." ठमी भुलीच्या गुंगीत होती. तिच्यामार्फत काहीच जाणार नव्हतं.

"ताई," धाकटी म्हणाली. हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. "माझ्या दोऱ्यांनी झालं. मी तिला आत घेतलं, ती दोरे खात होती आणि मी हसत होते. वर खुडूक समजून गार पाण्यात बुडवली. तुम्हाला विचारायला फोन केला आणि बोलायची हिंमत झाली नाही. जगेल की नाही माहीत नाही. चूक माझी आहे."

थोरलीने एकेका टाक्यावरून नजर फिरवली. दोघे भाऊ दारात उभे राहून एकमेकांकडे बघत होते.

"टाके सरळ आलेत," थोरली म्हणाली. "तू घातलेस?"

"नाही. डॉक्टरीणबाईंनी."

"मग उसवायला नकोत."

धाकटीच्या कानशिलांत रक्त चढलं. इतक्या वर्षांनी, आजच्या दिवशी, हे! पण थोरलीच्या ओठाचा कोपरा हलत होता आणि डोळ्यांत पाणी होतं. मग तिला हसू फुटलं आणि तिने कळवळून पोट धरलं.

"आई गं! टाके ओढतात माझे. हसवू नकोस गं."

"मी कुठे हसवलं?"

"मला वाकता येत नाही," थोरली डोळे पुसत म्हणाली. "दे तूच उचलून तिला माझ्या मांडीवर. आणि तूही बस इथे, रात्र काढायची आहे आपल्याला."