तांड्याचा सगळा गूळ एका बाभळीखाली

माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक पहिल्यांदा चहाच्या कपात बुडाली.

दिग्रसच्या पलीकडच्या तांड्यातून मुलगा आणि त्याचा काका आले होते. काकांनी कप तोंडाशी नेला, थांबले, बोटाने एक माशी बाहेर काढली. मग दुसरी. तिसरी निघाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"या माशायचा पिऊन झाला. मी कायले उष्टा पिऊ?" असं म्हणून ते उठले. मुलगा मात्र शेवटच्या घरापर्यंत मागे वळून पाहत गेला, आणि बहीण कुडाच्या फटीतून त्याच्याकडे.

महिन्याभराने काकांचा निरोप आला: मुलगा हट्टाला पेटला आहे, म्हणून दिवाळीआधी एकदा येऊ. पण माशी दिसली तर पाणीसुद्धा न पिता परत.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. इथं सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो आहे. निरोप ऐकून बहीण मला म्हणाली, "भिया, तू बीएस्सी ना? मंग?"

भिया म्हणजे भाऊ. आणि बीएस्सी मी खरंच होतो, नुकताच. तांड्यातला पहिला. माझ्या वसतिगृहात घराघरातली ज्वारी पोचत असे, आणि अमरावतीला जाताना अंगावर जी घोंगडी होती ती आमच्या नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची. एवढ्या लोकांनी शिकवलेल्या माणसाला माशी हरवता येऊ नये, हे मला सहन होईना.

माशी शेणात अंडी घालते, अळीची माशी व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मलेरियावाले येऊन भिंतींवर डीडीटी मारत, दारावर तारीख लिहून जात. त्याने मच्छर कमी झाले होते, पण माशा त्या तारखेवरच निवांत बसलेल्या असत. म्हणून मी मुळाशी गेलो. घरामागचा उकिरडा उपसून दूर बाभळीपलीकडच्या खड्ड्यात नेला, वर माती टाकली. गोठ्यातलं शेण रोजच्या रोज उचलायचं, पसरून वाळवायचं. याडीने, म्हणजे आईने, पहिल्या दिवशी कपाळावर हात मारला.

"शेण उचलाले पोराले अमरावतीले पाठवलं काय? हे तं मी न शिकता करत होती!"

"याडी, तू करत होती, पन दर तिसऱ्या दिवशी."

"शिकला बाप्पा!" ती शेजारणीकडे पाहून म्हणाली.

पण माशा कमी झाल्या. शेजाऱ्यांनीही उकिरडे हलवले. भेटीच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर बसून मोजल्या तर फक्त अकरा. त्या अकरा मला झोपू देईनात. आणि तिथंच माझं शिक्षण माझ्या डोक्यात गेलं.

उरलेल्या माशा गुळाला येतात, असा मी निष्कर्ष काढला. तेव्हा सगळा गूळ एकाच ठिकाणी, तांड्याबाहेर ठेवला तर सगळ्या माशा तिकडेच जातील. सकाळीच मी टोपलं घेऊन घरोघर फिरलो. कोणी काही विचारलं नाही. म्हाताऱ्यांनी मडक्याच्या तळाचे खडेसुद्धा खरवडून दिले. नायकाने आपली अख्खी भेली दिली आणि एवढंच विचारलं, "परत भेटन ना?"

"भेटन," मी म्हणालो. दूरच्या बाभळीखाली फळीवर भेली ठेवली, भोवती खडे मांडले, आणि वर थोडं पाणी शिंपडलं, वास सुटावा म्हणून.

पाहुणे आले. काकांनी ओसरी पाहिली, आढं पाहिलं, चहाचा कप उजेडात धरून पाहिला. एकही माशी नव्हती. त्यांनी चहा संपवला, बशीही चाटल्यासारखी स्वच्छ केली.

"बरं," ते म्हणाले. "आमाले पसंत हाय. आना गूळ."

आमच्यात नायकासमोर दोन्हीकडच्यांनी गूळ खाल्ला की सोयरीक पक्की होते. त्याआधीचं सगळं नुसतं बोलणं. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. पुस्तकात नसल्यामुळे ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.

बाने माझ्याकडे पाहिलं. याडीने पाहिलं. नायकाने पाहिलं. मग सगळा तांडा बाभळीकडे पाहू लागला, म्हणून पाहुण्यांनीही पाहिलं. तिथं फळीवर काहीतरी काळं, चमकणारं होतं आणि ते हलत होतं.

"ते काय होय?" काकांनी विचारलं.

"गूळ," मी म्हणालो.

"आन हे काळं?"

"त्या... आमच्या माशा."

"समद्या?"

"हो जी. समद्या."

दिग्रसहून दुसरा गूळ आणायला बैलगाडीने अर्धा दिवस लागला असता, आणि काकांनी आधीच पागोटं डोक्यावर ठेवलं होतं. आम्ही बाप्ये एकमेकांकडे पाहत राहिलो. तेवढ्यात घरातून बहीण निघाली. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात कडुनिंबाचा पेटलेला, धुरकटणारा फाटा. मान खाली नव्हती. बाभळीपाशी जाऊन तिने धुराने माशा उठवल्या, कुऱ्हाडीचा एक घाव घालून भेली मधोमध फोडली, आतला सोनेरी गाभा तासून पदराखाली घेतला आणि सरळ येऊन काकांसमोर ताटलीत ठेवला.

"वरचा माशायचा, आतला आपला," ती म्हणाली आणि आत गेली.

काकांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं. मग त्यांनी एक खडा उचलून नायकाला दिला, एक बाच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. मुलाने न सांगता दोन खाल्ले.

तेवढ्यात धुरातून सुटलेली एक माशी आली आणि काकांच्या मिशीवर बसली. मी हाकलायला अर्धा उठलो. काकांनी तिला हाकललं नाही.

"घाबरू नका मास्तर," ते तोंड न हलवता म्हणाले. "हे तुमची नोय. हे आमच्यासंगं आली."

"मंग तिलेबी गूळ द्या," नायक म्हणाला. "वऱ्हाडी हाय."